थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये गिऱ्हाइकांची पत्रं जंकमध्ये (नको असलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये) जाऊन पुसली जातायत. गाळणी नीट कशी लावायची?

शाई_आणि_कागद
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

सांगलीत आमचा छापखाना आहे. सासऱ्यांनी १९७८ साली एका ट्रेडल मशीनवर सुरू केला. आता दोन ऑफसेट मशीनं आहेत आणि ऑफिसचं सगळं मी बघते. कोटेशन, प्रुफं, बिलं, टपाल, सगळं माझ्याकडे. कॉम्प्युटरचं शिक्षण झालेलं नाही, पण सांगितलेलं नीट वाचून करते. तेव्हा मोठं उत्तर लिहावं लागलं तरी लिहा.

गेल्या आठवड्यात एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेला ७५ वर्षं होतायत, त्याची स्मरणिका काढायची होती. १२० पानं, हजार प्रती. त्यांनी कोटेशनसाठी आम्हाला मेल केला होता. पंधरा दिवस वाट बघितली, परत एक मेल केला, आणि मग काम दुसऱ्या प्रेसला दिलं. रागावले नव्हते. "तुम्ही सीझनच्या कामात असाल असं वाटलं," एवढंच म्हणाले. याच शाळेची प्रगतिपुस्तकं सासऱ्यांनी तीस वर्षं छापली आहेत. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठून मशीनपाशी जाऊन उभे राहिले.

इनबॉक्समध्ये शोधलं, जंकमध्ये शोधलं, दोन्ही मेल कुठेच नाहीत. मग सेटिंग उघडून एकेक ओळ वाचत गेले तेव्हा दिसलं, की जंकमध्ये गेलेलं टपाल १४ दिवसांनी आपोआप पुसायची खूण केलेली आहे. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर नवा घेतला तेव्हा ज्याने सगळं लावून दिलं त्यानेच ती केली असणार. त्याला बोल लावत नाही, जागा वाचावी म्हणूनच केलं असेल. पण दोन वर्षांत अजून किती जणांची पत्रं अशी गेली असतील, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही.

आमची मांडणी सांगते. विंडोज, थंडरबर्ड, स्वतःचं डोमेन, त्यावर 'इन्फो' नावाचा एकच पत्ता. तो बिलावर, पाटीवर, लग्नपत्रिकांच्या पाठीवर छापलेला, त्यामुळे बदलता येत नाही. मेल पीओपीने येतो, म्हणजे सर्व्हरवरून या मशीनवर उतरवून घेतला जातो. दिवसाला ८०-९० मेल येतात, त्यातले आमचे पंधरा-वीस. बाकी सगळं 'तुमची वेबसाइट पहिल्या पानावर आणून देतो', 'मेलबॉक्स भरलाय, इथे दाबा', 'सोबत पर्चेस ऑर्डर जोडली आहे', 'पेमेंट अ‍ॅडव्हाइस पाहा'. मी रोज सकाळी न चुकता एकेकावर 'जे' दाबून जंक करते. दोन वर्षं करते आहे. तरी गाळणी सुधारायच्या ऐवजी बिघडत चालली आहे.

खरी अडचण ही, की आमचं खरं गिऱ्हाईकही हेच शब्द लिहितं. ऑर्डर, कोटेशन, रेट, सोबत पीडीएफ जोडली आहे. मग यंत्राने ओळखायचं कसं?

वळणवाट
सोमवार, रात्री १०.०५

सरळ जीमेलवर हलवा. त्यांची गाळणी चांगली आहे, डोक्याला ताप नाही.

शाई_आणि_कागद
सोमवार, रात्री १०.२०

विचार केला होता. पण २०११ पासूनचं टपाल या मशीनवर आहे. कोणी म्हणालं 'पाच वर्षांपूर्वीचं लेटरहेड तसंच हवं', तर मी दोन मिनिटांत काढून देते. आणि आमच्याकडे ऐन मार्चमध्ये नेट गेलं तरी प्रुफं समोर लागतात. शिवाय तिथेही चुकून स्पॅममध्ये गेलेलं बघावं लागतंच ना? मला ही गाळणी समजून घ्यायची आहे.

मध्यरात्रीचा_चहा
सोमवार, रात्री ११.३०

ताई, आधी एक तातडीचं काम. गाळणीचं नंतर बोलू.

ती १४ दिवसांची खूण आत्ता काढा. मग थंडरबर्ड बंद करा आणि पुढचं वाचेपर्यंत उघडू नका. 'कॉम्पॅक्ट करू का?' (म्हणजे पुसलेल्या मेलची जागा मोकळी करू का) असं विचारलं तर नाही म्हणा.

कारण असं. थंडरबर्ड एका फोल्डरमधले सगळे मेल एकाखाली एक असे एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवतो. मेल पुसला म्हणजे त्या फाइलमधून तो लगेच जात नाही. त्यावर 'हा पुसला' अशी खूण होते आणि तो यादीत दिसायचा थांबतो, इतकंच. मजकूर खरा जातो तो फोल्डर कॉम्पॅक्ट होतो तेव्हा. म्हणजे मधल्या काळात कॉम्पॅक्ट झालं नसेल, तर तुमची पत्रं अजून त्या फाइलमध्ये पडलेली असतील. खात्री देत नाही, पण बघितल्याशिवाय सोडू नका.

फाइल सापडते ती विंडोजच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये. त्यात रोमिंग, त्यात थंडरबर्ड, त्यात प्रोफाइल्स, मग मेल. अ‍ॅपडेटा लपवलेला असतो, एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फाइली दाखवायची खूण करावी लागेल. तुमच्या खात्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये 'जंक' नावाची एक फाइल दिसेल, पुढे टिंब नाही, काही नाही. तिच्याच नावाची एमएसएफवाली छोटी फाइल शेजारी असेल, ती फक्त अनुक्रमणिका आहे. मोठी फाइल कॉपी करा आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. मूळ फाइलला हात लावू नका.

आता ती कॉपी नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा. साधं नोटपॅड एवढ्या मोठ्या फाइलवर अडकतं. त्यात मराठी शब्द शोधू नका, सापडणार नाहीत. मेलमध्ये देवनागरी मजकूर बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांच्या सांकेतिक रूपात जातो, विषयसुद्धा. शाळेचा ईमेल पत्ता शोधा, तो मात्र जसाच्या तसा असतो.

सापडला तर इथे सांगा.

शाई_आणि_कागद
मंगळवार, दुपारी १.१५

आहे! दोन्ही मेल आहेत.

सकाळी साडेसातलाच प्रेस उघडून बसले. फाइल ३४० एमबीची निघाली. नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडल्यावर नुसता अक्षरांचा ढीग, एकही शब्द वाचता येत नव्हता. शाळेचा पत्ता टाकला आणि कर्सर एकदम जाऊन थांबला. वर तारीख, खाली मुख्याध्यापकांचा पत्ता, आणि त्याखाली पानंच्या पानं अक्षरांची. तो त्यांचा मजकूर. माझे हात थरथरत होते.

आता हे वाचता येईल असं परत कसं करायचं? आणि अशी इतर पत्रं?

मध्यरात्रीचा_चहा
मंगळवार, दुपारी २.४०

उत्तम. आता सगळीच परत आणू.

त्याच कॉपीत प्रत्येक मेलच्या सुरुवातीला 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी एक ओळ असते आणि पुढे चार आकडे. पुसलेल्या मेलमध्ये त्यातला शेवटचा आकडा बहुधा ८ किंवा ९ दिसेल. ८ म्हणजे न वाचता पुसलेला, ९ म्हणजे वाचून पुसलेला. शोधा-आणि-बदला वापरून, ती संपूर्ण ओळ धरून, ८ च्या जागी ० आणि ९ च्या जागी १ करा. नुसते आकडे बदलू नका, ओळीचं नाव धरूनच बदला, नाहीतर मजकुरातले आकडेही बदलतील.

मग त्या कॉपीला दुसरं नाव द्या. नावापुढे टिंब किंवा टीएक्सटी नको. ती 'लोकल फोल्डर्स' या फोल्डरमध्ये टाका. हे सगळं थंडरबर्ड बंद असताना. उघडल्यावर डावीकडे लोकल फोल्डर्सखाली नवा फोल्डर दिसेल, त्यावर क्लिक केलं की थंडरबर्ड नवी अनुक्रमणिका तयार करेल. फाइल मोठी आहे, दोन-चार मिनिटं द्या.

आता गाळणीकडे येतो. एक विचारतो, नक्की आठवून सांगा. दोन वर्षांत तुम्ही कधी 'शिफ्ट' धरून 'जे' दाबलंत का?

शाई_आणि_कागद
मंगळवार, दुपारी ३.०५

नाही. ते काय करतं?

मध्यरात्रीचा_चहा
मंगळवार, रात्री १०.५०

तिथेच सगळं आहे.

'जे' म्हणजे 'हे जंक'. 'शिफ्ट-जे' म्हणजे 'हे जंक नाही, हे चांगलं'. थंडरबर्डची गाळणी या दोन्ही उत्तरांवर चालते. तुम्ही दोन वर्षं तिला फक्त वाईट काय ते दाखवलंत. चांगलं कसं दिसतं हे तिला कोणी दाखवलंच नाही.

आत हिशोब असा चालतो. प्रत्येक मेलचे शब्द सुटे केले जातात. प्रत्येक शब्द जंकमध्ये किती वेळा आला आणि चांगल्या टपालात किती वेळा आला, याची नोंद ठेवली जाते. नवा मेल आला की त्यातल्या शब्दांच्या नोंदी एकत्र करून ० ते १०० असा गुण काढला जातो, आणि ९० किंवा वर गेला की तो जंक. शक्यतेचं हे गणित थॉमस बेझ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापलं गेलेलं. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने ते स्पॅमला कसं लावायचं हे सोपं करून लिहिलं आणि तेव्हापासून मेलच्या प्रोग्रॅमांमध्ये ते सर्रास आलं.

आता तुमच्या शाळेचा मेल घ्या. त्यात 'कोटेशन', 'ऑर्डर', 'प्रती', 'पीडीएफ'. यातला 'कोटेशन' तुमच्या जंकच्या नोंदीत शेकडो वेळा असणार. चांगल्याच्या बाजूला त्याची नोंद जवळपास शून्य, कारण तुमची चांगली पत्रं तुम्ही वाचलीत, उत्तर दिलंत आणि पुढे गेलात, गाळणीला सांगितलं नाही. तिच्या वहीत 'कोटेशन' म्हणजे जंक, एवढंच लिहिलेलं आहे. तुम्ही जितक्या निष्ठेने 'जे' दाबलंत तितकं हे पक्कं होत गेलं.

'हेच शब्द खरं गिऱ्हाईकही लिहितं, मग ओळखायचं कसं' हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं, की तो शब्द दोन्ही बाजूंना सारखा आला की त्याचं वजनच उरत नाही. मग निकाल इतर शब्दांवर लागतो. तुमच्या गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये 'लेटरहेड', 'मॅपलिथो', 'डेमी', 'बाइंडिंग', 'मिरज', 'विटा' येतं. परदेशातून येणाऱ्या खोट्या पर्चेस ऑर्डरमध्ये ते येत नाही.

म्हणून जुनी शिकवणी पुसून नव्याने शिकवा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे जंकच्या भागात 'रिसेट ट्रेनिंग डेटा' आहे. ते दाबल्यावर गाळणी कोरी होते. मग इनबॉक्समधली दोन-तीनशे चांगली पत्रं निवडून एकदम शिफ्ट-जे करा, आणि साधारण तितकेच जंक निवडून जे. दोन्ही पारडी साधारण सारखी ठेवा. चांगली पत्रं निवडताना सगळ्या तऱ्हेची घ्या: शाळा, कारखाने, पतसंस्था, कागदवाले, प्लेटवाले, कुरिअर, बँक, लग्नपत्रिकेवाले. गेल्या महिन्यातल्याच दोनशे घेऊ नका.

आणि यापुढे जंकमध्ये चुकून गेलेलं एकही पत्र नुसतं ओढून इनबॉक्समध्ये आणून ठेवू नका. त्यावर शिफ्ट-जे दाबा. ते शिकवणं आहे.

अनुस्वार
बुधवार, सकाळी ८.३०

चहा यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडते. मी भाषांतराचं काम करते. नव्याने शिकवताना मी सगळी चांगली पत्रं मराठी निवडली, कारण बहुतेक पत्रं मराठीच. जंक तर सगळं इंग्रजी. पहिले दहा दिवस गाळणी इतकी अचूक चालली की मी जंक बघायचंच सोडलं. मग पणजीहून एका संस्थेने इंग्रजीत विचारणा केली, ती गेली जंकमध्ये. गाळणीने 'मराठी ते चांगलं, इंग्रजी ते वाईट' एवढंच शिकून घेतलं होतं.

ताई, तुमच्याकडे एमआयडीसीतल्या कंपन्या इंग्रजीतच लिहीत असतील. त्यांची पत्रं मुद्दाम शोधून शिफ्ट-जे करा. माझ्या मते दोनशेतली निम्मी तरी इंग्रजी असू द्या. आणि जे लोक रोमन लिपीत मराठी लिहितात, त्यांचीही. आपल्याकडे ते फार.

सह्यकडा
बुधवार, दुपारी १२.१०

मी होस्टिंगचं काम करतो, म्हणून सर्व्हरच्या बाजूने सांगतो. हे कोणी बोललं नाही आणि हे महत्त्वाचं आहे.

पीओपी फक्त इनबॉक्स उतरवून घेतं. सर्व्हरवर दुसरे फोल्डर असले तरी पीओपीला ते दिसतच नाहीत. तुमच्या होस्टिंगवर स्पॅमअसॅसिन ही सर्व्हरवरची गाळणी चालू असेल आणि 'स्पॅम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा' असं केलेलं असेल, तर तिथे अडवलेलं पत्र तुमच्या थंडरबर्डपर्यंत कधी येणारच नाही. तुम्ही इथे कितीही शिकवलं तरी उपयोग नाही. ब्राउझरमधून वेबमेल उघडा आणि तिथला स्पॅम फोल्डर बघा. आजच.

तिथेच पॅनेलमध्ये स्पॅम फिल्टर्स उघडा. 'ऑटो-डिलीट' चालू असेल तर बंद करा. धंद्याच्या पत्त्यावर ते कधीच ठेवू नये, या मताचा मी आहे आणि माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो. स्पॅमअसॅसिन मेलला गुण देतो, मूळ सेटिंगमध्ये ५ गुणांवर स्पॅम धरतो. जास्त कडक व्हावं म्हणून कोणी तो आकडा ३ किंवा २ केला असेल तर परत ५ करा.

माझी शिफारस: सर्व्हरने फक्त शिक्का मारावा, अडवू नये. वेगळा फोल्डर बंद करा. मग सगळं टपाल थंडरबर्डमध्ये येईल, आणि शिक्का बघून तो ते जंकमध्ये टाकेल. त्यासाठी थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये, जंक सेटिंग्जखाली, 'ट्रस्ट जंक मेल हेडर्स सेट बाय' अशी खूण आहे, पुढे स्पॅमअसॅसिन निवडा. असं केलं की सगळा गाळ एकाच ठिकाणी साठतो आणि बघायला एकच जागा राहते.

अजून एक. डोमेनवर 'कॅच-ऑल' चालू आहे का बघा. म्हणजे तुमच्या डोमेनवर कोणत्याही नावाने पाठवलेला मेल 'इन्फो'वर येतो का. 'सेल्स', 'अ‍ॅडमिन', 'अकाउंट्स' अशी तुम्ही न बनवलेली नावं 'टू'मध्ये दिसत असतील तर चालू आहे. स्पॅमवाले अशी नावं अंदाजाने ठोकत असतात. ते बंद केलं की ढीग त्याच दिवशी कमी होतो.

शाई_आणि_कागद
बुधवार, संध्याकाळी ७.५०

एकेक सांगते.

कॅच-ऑल चालू होतं, बंद केलं. 'पर्चेस' आणि 'एचआर' या नावांनी रोज वीसेक मेल येत होते. आमच्याकडे माणसं सहा, एचआर कुठलं.

वेबमेलच्या स्पॅममध्ये १,१८० मेल होते. जेवणानंतर बसून सगळ्यांचे विषय वाचले. चार आमचे. त्यातला एक कागदवाल्यांचा, भाव बदलल्याचा. उरलेले तीन लग्नपत्रिकांचे, त्यांची लग्नं होऊन गेली.

आणि चहा, तुमचा फोल्डर तयार झाला. फेब्रुवारीपासूनचं मिळालं, त्याआधीचं नाही. तेव्हा कधीतरी कॉम्पॅक्ट झालं असणार. जे मिळालं त्यात शाळेचे दोन, आणि अजून अकरा पत्रं खऱ्या माणसांची.

त्यातलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिकोडीच्या एका बाईंनी मार्चमध्ये लिहिलेलं. त्यांच्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या आईने वह्यांमध्ये उतरवून ठेवल्या होत्या, चार वह्या. आता आईचं वय झालं, तिच्या डोळ्यांदेखत पुस्तक व्हावं, ३०० प्रतींना किती खर्च येईल, अशी विचारणा. सोबत मोबाइलवर काढलेले पानांचे नऊ फोटो. जांभळी शाई, बारीक सरळ अक्षर, आणि एका पानाच्या समासात हळदीच्या बोटाचा ठसा. स्वयंपाक करता करता लिहिलं असणार. नऊ जोडण्या, त्यात 'खर्च', 'रेट', 'प्रती'. गाळणीने दिलं टाकून.

सासऱ्यांना ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून अख्खं वाचलं. मग मी त्यांना गाळणी कशी चालते तेही सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे खिळ्यांच्या केससारखं." जुन्या मशीनच्या वेळी खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, केसमध्ये ज्या अक्षराची गरज जास्त त्याचा खण मोठा आणि हाताशी. काना, र, त जवळ. ळ, ठ, ढ लांब. ते खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला मजकूर न वाचता खिळे संपण्यावरूनच कळायचं, मजकूर कसला आहे. कोर्टाच्या नोटिशीत वेगळे खिळे संपतात, अभंगात वेगळे. "पण तुमच्या यंत्राला तुम्ही एकच केस दिलीत," म्हणाले. मला तर यापेक्षा नीट कोणी समजावून सांगितलं नसतं.

त्या बाईंना फोन केला. त्यांना वाटलं होतं, छोटं काम म्हणून आम्ही उत्तर दिलं नाही. मी झालं ते सगळं सांगितलं.

उद्या सुट्टी आहे, नव्याने शिकवायला बसते. अजून काही खुणा तपासायच्या असतील तर सांगा.

मध्यरात्रीचा_चहा
बुधवार, रात्री ११.४५

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. केसचं उदाहरण मी यापुढे वापरणार.

खुणा अशा. अकाउंट सेटिंग्ज, तुमचं खातं, जंक सेटिंग्ज. सगळ्यात वर गाळणी चालू असल्याची खूण हवी. त्याखाली, 'पाठवणारा या पत्तेवहीत असेल तर जंक धरू नका' अशा अर्थाची ओळ आहे, तिथे दोन्ही पत्तेवह्यांवर खूण करा. एक तुमची स्वतःची, दुसरी 'कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस'. या दुसरीत तुम्ही ज्यांना ज्यांना उत्तर पाठवता त्यांचे पत्ते आपोआप जमा होतात. म्हणजे गिऱ्हाइकाला एकदा उत्तर गेलं की पुढे त्याचं पत्र अडणार नाही. तुमच्यासारख्या धंद्यात ही एक खूण निम्मं काम करते.

पण त्या दोन्ही वह्यांमधून तुमचा स्वतःचा 'इन्फो'चा पत्ता काढून टाका. पुष्कळ स्पॅम तुमच्याच पत्त्यावरून आल्याचं सोंग करून येतो. पत्तेवहीतल्या पत्त्याला गाळणी न तपासता आत सोडू शकते, म्हणून स्वतःचा पत्ता तिथे नकोच. 'मी तुमचा कॅमेरा हॅक केला आहे, पैसे पाठवा' अशा धमकीच्या मेलमध्ये हीच युक्ती असते. तसा आला तर घाबरू नका, जे दाबा.

जंक वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, ही खूण हवी. आपोआप पुसा, ही नको. आणि प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये 'जंक ठरलेलं वाचलेलं म्हणून दाखवा' अशी एक खूण आहे, ती असेल तर काढा. जंक फोल्डरपुढे न वाचलेल्यांचा आकडा दिसत राहिला पाहिजे, म्हणजे बघायचं राहत नाही.

शेवटी एक नियम बनवा. टूल्स, मेसेज फिल्टर्स, न्यू. विषयात 'स्मरणिका', 'लग्नपत्रिका', 'प्रगतिपुस्तक', 'लेटरहेड', 'बिलबुक' यातलं काहीही असेल तर 'जंक स्टेटस: नॉट जंक' असं करा आणि एखादा रंगीत टॅग लावा. वर 'यातलं कोणतंही जुळलं तरी' हा पर्याय निवडा, 'सगळं जुळलं तर' नाही. नियम केव्हा चालवायचा असं विचारतं तिथे 'जंक ठरवण्याआधी' निवडा. 'कोटेशन' आणि 'ऑर्डर' हे शब्द या नियमात घालू नका, त्याच दारातून सगळे चोर येतात.

खोट्या ऑर्डरीबद्दल सावध राहा. गाळणी चुकून एखादी आत सोडेल. जोडलेली फाइल झिप किंवा एचटीएमएल असेल आणि पाठवणारा अनोळखी असेल तर उघडू नका, आधी फोन करा. छापायचा मजकूर कोणी एचटीएमएलमध्ये पाठवत नाही.

शाई_आणि_कागद
तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११.००

कळवायचं राहून गेलं, सीझन सुरू झालाय.

सुट्टीच्या दिवशी २६० चांगली आणि २५० जंक अशी शिकवणी केली. अनुस्वार यांचं ऐकून चांगल्यांतली १२० इंग्रजी घेतली, कुपवाड आणि मिरजच्या कंपन्यांची. चांगली निवडायलाच जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक पत्र उघडून बघत बसले. पण एका परीने बरं वाटलं. इतक्या वर्षांत कोण कोण आपल्याकडे आलं ते दिसलं.

वहीत रोजचा हिशोब ठेवला आहे. पहिल्या आठवड्यात आमची नऊ पत्रं चुकून जंकमध्ये गेली, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एक. इनबॉक्समध्ये स्पॅम अजून रोज पाच-सहा येतो. ते चालेल, पाचावर जे दाबायला वेळ लागत नाही. कॅच-ऑल गेल्यापासून एकूणच दिवसाला साठच्या आत येतात.

जंक फोल्डर आता सासरे बघतात. रोज दहाला चहा झाला की माझ्या खुर्चीवर बसतात आणि वरपासून खालपर्यंत विषय वाचतात. प्रूफ वाचायची सवय असलेला माणूस, एक ओळ सोडत नाहीत. तिसऱ्या आठवड्यातलं ते एक पत्र त्यांनीच काढलं. पाठवणाऱ्याने विषय रिकामाच ठेवला होता.

मुख्याध्यापकांना मी जाऊन भेटले. स्मरणिका गेली ती गेली. पण आपल्या पत्राला उत्तर का आलं नाही हे त्यांना कळायला हवं होतं.

चिकोडीच्या बाई गुरुवारी येतायत, चारही वह्या घेऊन. आईही येणार आहेत.

आता एकच विचारायचं राहिलं. दुकानाच्या पुढच्या बाजूला दुसरा कॉम्प्युटर घेतोय, त्यावरही थंडरबर्ड आणि हाच पत्ता. तिथे परत सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल का?

मध्यरात्रीचा_चहा
रविवार, दुपारी ४.२०

नाही लागणार. सगळी शिकवणी प्रोफाइल फोल्डरमधल्या 'ट्रेनिंग' नावाच्या एका फाइलमध्ये असते, पुढे डॅट. दोन्हीकडचा थंडरबर्ड बंद करून ती फाइल पेन ड्राइव्हने नव्या मशीनच्या प्रोफाइलमध्ये नेऊन ठेवा. पुढे दोन्ही आपापलं वेगळं शिकतील, त्या फाइली आपोआप एक होत नाहीत. म्हणून शिकवायचं मशीन एकच ठेवा, सासरे बसतात ते, आणि महिन्याकाठी तिथली फाइल पुढच्या मशीनवर न्या. तिची एक प्रत पेन ड्राइव्हवरही ठेवत जा.

दोन मशीनवर पीओपी लावताना 'मेल सर्व्हरवर राहू द्या' ही खूण दोन्हीकडे हवी, नाहीतर एकाने उतरवलेलं दुसऱ्याला दिसणार नाही.

आणि ओव्यांचं पुस्तक झालं की इथे कळवा. मला दोन प्रती हव्या आहेत, एक माझ्या आईसाठी.